कान की केबल?

काकांनी आणलेल्या यादीची पहिली ओळ होती: ब्रिजला 16 किलोओहमचा सिरॅमिक हंबकर (दोन कॉइलचा पिकअप; पिकअप म्हणजे तारांची कंपनं पकडणारं चुंबक आणि त्याभोवतीची तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल). त्याखाली एक मेगचे पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे), तीन पुश-पुल (ओढून-दाबून स्विचसारखे वापरायचे पॉट), फेज स्विच, आणि सगळ्यात शेवटी दोनदा अधोरेखित केलेलं, ‘आवाज चकचकीत हवा’.

अशा याद्या माझ्याकडे रोज येतात. मी त्या वाचतो, बाजूला ठेवतो आणि विचारतो, वाजवता काय, कुठे, आणि गिटार कशात लावता? पहिल्या दोन प्रश्नांवर लोक भरभरून बोलतात. तिसऱ्याला ‘ॲम्पमध्ये’ एवढंच उत्तर मिळतं.

काका साठी ओलांडलेले, हयात स्टेजवर गेलेली. नवी बॉडी त्यांनी दुसऱ्या कारागिराकडून करून घेतली होती. आल्डरचं लाकूड, मेपलची नेक, ब्रिजला हंबकरची खाच आणि पुढे दोन सिंगल कॉइलच्या, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपच्या. काम सुरेख होतं, पण आतून अजून मोकळं. पिकअप आणि वायरिंग माझ्याकडे. सोबत त्यांनी जुनी गिटारही आणली होती, तीन सिंगल कॉइलची. “हिचा आवाज मेलाय, म्हणून ही नवी,” ते म्हणाले. त्यांनी ती आधी दोघा-तिघांना दाखवली होती. एकाने पॉट आणि कपॅसिटर बदलून दिले. दुसऱ्याने सांगितलं, चुंबक उतरले. आल्निकोचे चुंबक नुसते वापरून असे उतरत नाहीत, हे त्याला माहीत नसावं किंवा माहीत असून पिकअप विकायचे असावेत. आणि मुलगा म्हणत होता, “बाबा, गिटार ठीक आहे, तुमचे कान तपासा.” आमच्याकडचा धाकटा कारागीर मागे उभा राहून मला खुणेने तेच सांगत होता. या पोराचे हात चांगले आहेत, पण निकाल फार लवकर लावतो.

मी जुनी गिटार उघडली. ब्रिज 6.1 किलोओहम, मधला 5.9, नेक 5.8. पॉट 250 किलोओहमचे, मोजले तर 240च्या आसपास. सोल्डर स्वच्छ, कपॅसिटर बरोबर. मेलेलं काहीच नव्हतं.

इथे जरा ओहमबद्दल. पिकअपचा रेझिस्टन्स म्हणजे त्याची ताकद, असं धरून लोक खरेदी करतात. तांब्याची तार 42 गेजऐवजी 43 गेजची घेतली की तेवढ्याच वेढ्यांत आकडा वाढतो, आवाज मात्र वाढत नाही. मला हवा असतो इंडक्टन्स, गुंडाळीचा हेन्रीत मोजायचा गुण. मधल्या पिकअपला मीटर लावला तर 2.4 हेन्री. हा आकडा आणि तारेच्या गुंडाळीला जोडलेला कपॅसिटन्स, या दोघांवर ठरतं की पिकअपचं शिखर कुठे येणार, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर तो सगळ्यात जास्त बोलणार. आणि या कपॅसिटन्सचा मोठा हिस्सा गिटारमध्ये नसतोच, तो केबलमध्ये असतो. साधी गिटार केबल मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड टाकते. सहा मीटरची केबल म्हणजे 600, पिकअपचा स्वतःचा थोडा, झाले 700. शिखर येतं चार हजार हर्ट्झच्या जवळ. सिंगल कॉइलची जी चमक आपण ओळखतो, ती बहुतांशी हीच.

गिटार बंद करून मी माझी केबल लावली आणि काकांच्या हातात दिली. त्यांनी दोन-चार तुकडे वाजवले आणि म्हणाले, “आज बरी वाजतेय. तुमचा ॲम्प चांगला आहे.”

माझा ॲम्प अगदी साधा आहे, बारा इंची एक स्पीकर. मी तो तिसरा प्रश्न पुन्हा विचारला. काकांनी पिशवीतून वायरलेसचा ट्रान्समीटर काढला. “हल्ली यावरच वाजवतो. वायरमध्ये पाय अडकतो हो, या वयात पडलो तर?” रिसीव्हर ॲम्पला लावला, ट्रान्समीटर गिटारला. पहिल्याच कॉर्डला आवाजातला गाभा गेला. वर काचेसारखं काहीतरी किणकिणत होतं, खाली काही नाही. काकांचा हात आपोआप ॲम्पच्या ट्रेबलकडे गेला. त्यांनी तो पूर्ण फिरवला आणि आमच्या पोराने कानांवर हात ठेवले.

कागदावर मांडायला फार वेळ लागला नाही. वायरलेसने केबल संपली, म्हणजे 600 पिकोफॅरड गेले. पिकअपचे आणि ट्रान्समीटरच्या बाजूचे थोडे धरून उरले पावणेदोनशेच्या आसपास. शिखर उडी मारून साडेसात हजारांच्या पुढे. गिटारचा स्पीकर पाच-सहा हजारांनंतर झपाट्याने पडतो, तेव्हा ते शिखर ऐकू येणार कुणाला? आणि ज्या चार हजारांवर काकांची चमक होती तिथे आता सपाट. ट्रेबलचं बटण फिरवून सगळंच वर येतं, शिखर परत येत नाही. काही ट्रान्समीटरमध्ये केबलचा भास देणारी सोय असते. यांच्यात नव्हती.

मी जॅकची प्लेट खोलली आणि 470 पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर दोन मगर-क्लिपांनी टिप आणि स्लीव्ह, म्हणजे जॅकच्या सिग्नल आणि ग्राउंडच्या टोकांमध्ये टांगला. मसुराएवढा तुकडा. “वाजवा.” काका वरच्या फ्रेटवर एक ओळ घेत होते. ती अर्ध्यातच थांबली. त्यांनी आधी जॅककडे बघितलं, मग उठून ट्रेबलचं बटण स्वतःच अर्ध्यावर आणलं आणि तीच ओळ पहिल्यापासून घेतली.

“हे काय लावलंत?”

“केबल लावली, काका. सहा मीटर.”

“पण कपॅसिटरने तर ट्रेबल कापला जातो म्हणतात.”

“कापला जातोच. तुम्हाला नको असलेला गेला, हवा असलेला उचलला गेला.”

मग आम्ही 680 लावून बघितला, 1000 लावून बघितला. 1000ला आवाज नाकात बोलायला लागला. माझ्या कानाला 470 अचूक होता, गणितानेही तोच. काकांनी मात्र जराही न घुटमळता 680 निवडला. त्यावर पुन्हा येतो.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की जुनी गिटार ठणठणीत आहे, एवढा तुकडा आत बसवला की झालं, नव्या गिटारची गरज नव्हती. काका म्हणाले, “बॉडी झालीये ना आता? तिच्यात काय घालायचं ते बोला.” मला हे उत्तर आवडलं.

यादीवर काट मारायला सुरुवात केली. 16 किलोओहमचा तो सिरॅमिक हंबकर जोरकस डिस्टॉर्शनसाठी उत्तम आहे, पण त्याचं शिखर दोन-अडीच हजारांवर बसतं. काका वाजवतात स्वच्छ सूर आणि मोकळे कॉर्ड. ‘चकचकीत’ लिहून त्याच यादीत तो हंबकर लिहिणं म्हणजे एकमेकांविरुद्धच्या दोन मागण्या. त्याऐवजी आल्निको 5चा, आठ किलोओहमच्या आसपासचा, 1955 साली सेथ लव्हरने गिब्सनसाठी केलेल्या मूळ हंबकरच्या घराण्यातला. पुढे दोन सिंगल कॉइल, मधला उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवाचा, म्हणजे दोन्ही एकत्र आले की विजेची घूं बंद. फेज स्विच उडवला. तो मागणारे खूप, आठवडाभरानंतर वापरणारे मला फारसे भेटलेले नाहीत.

खरी कसरत पॉटची होती. हंबकरला 500 किलोओहम चांगले, सिंगल कॉइलला 250. बरेच जण मधला काहीतरी आकडा घेऊन दोघांवर अन्याय करतात. मी 500चा पॉट घेतला आणि चार पोलचा, म्हणजे एकाच वेळी चार वेगळी सर्किटं बदलणारा, पाचमार्गी स्विच. त्यातल्या एका पोलवर 470 किलोओहमचा रेझिस्टर, जो फक्त सिंगल कॉइल चालू असताना ग्राउंडला जातो. 500 आणि 470 समांतर म्हणजे 242. दुसऱ्या पोलने दुसऱ्या स्थानावर, म्हणजे ब्रिज आणि मधला एकत्र असताना, हंबकर आपोआप अर्धा होतो, एकच कॉइल चालू राहते. अर्धा करताना कुठली कॉइल ठेवायची हे होकायंत्राने बघितलं, मधल्या पिकअपच्या विरुद्ध ध्रुवाचीच हवी, नाहीतर घूं तशीच राहते. हे पाऊल गाळणारे कमी नाहीत, मग गिऱ्हाइकाला सांगतात की सिंगल कॉइल अशीच असते.

हंबकरच्या चार रंगीत वायरींना जगात एक भाषा नाही. सेमूर डंकनच्या पिकअपमध्ये काळी हॉट, म्हणजे सिग्नलची, असते आणि मध्ये लाल-पांढरी जोडतात. डिमार्झिओत लाल हॉट आणि काळी-पांढरी जोडतात. म्हणून मी रंगावर विश्वास ठेवत नाही. काट्याचा जुना मीटर लावतो, पिकअपच्या चुंबकावर स्क्रूड्रायव्हर टेकवून झटकन उचलतो आणि काटा कुठे उडतो ते बघतो. तिन्ही पिकअपचा काटा एकाच बाजूला उडाला पाहिजे. हंबकरचा उलटा उडाला. चार वायरी आणि उघडी ग्राउंड वेगळी असल्यामुळे हॉट आणि ग्राउंडची अदलाबदल करून भागलं. वेणीच्या एकाच वायरीचा पिकअप असता तर धातूचं आवरणच हॉट झालं असतं आणि हात लागला की खरखर.

680चा कपॅसिटर टोनच्या पुश-पुलवर बसवला. वर ओढला की वायरलेस, खाली दाबला की केबल. काकांना ही सोय त्या सगळ्या पिकअपपेक्षा जास्त आवडली.

पहिल्यांदा आवाज काढला तेव्हा खाचेतल्या तांब्याच्या पट्टीचं ग्राउंड जोडायचं होतं. दिव्यांची बारीक खरखर येत होती, अगदी स्पष्ट. मी म्हटलं, “ही खरखर आता बघा कशी जाते.”

“कुठली खरखर?” काका म्हणाले.

पोराने माझ्याकडे बघितलं. मी पट्टी जोडली, खरखर गेली. पोर आणि मी ती गेलेली ऐकली. काका गिटारची पॉलिश बघत होते.

मग मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की एकदा कानांची तपासणी करून घ्या. ते हसले. “म्हणजे मुलगा बरोबर?”

“कानांबद्दल कदाचित. गिटारबद्दल नाही.”

पोर अजून मला टोमणे मारतं की निकाल त्याने पहिल्या पाच मिनिटांतच दिला होता. दिला होता, पण तो निकाल मानला असता तर वायरलेसपर्यंत कुणी पोचलंच नसतं, आणि केबल लावल्यावर काकांना फरक लगेच कळला, हेही त्यानेच बघितलं. तरी 680 मला स्वस्थ बसू देत नाही. वायरलेसवर 470 म्हणजे शिखर चार हजारांवर, माझ्या केबलइतकंच. 680 म्हणजे साडेतीन हजार. मोठ्या आवाजात वर्षं काढलेल्या माणसाचे कान बहुतेकदा आधी चार हजारांच्या आसपासच कमी होतात. काकांनी त्या खड्ड्याच्या अलीकडची जागा निवडली का? की तरुणपणी ते पीळदार केबलवर वाजवायचे, जिचा कपॅसिटन्स साध्या केबलपेक्षा बराच जास्त असतो, आणि कानात तोच आवाज बसलाय? की निव्वळ आवड? तिन्हींचं उत्तर तोच तुकडा आहे, आणि वाजताना तो उत्तम वाजतो. ॲम्पचा ट्रेबल आता अर्ध्यावर असतो, बाकीच्या वादकांचीही त्यामुळे सुटका झाली असावी.

ऑडिओग्राम, म्हणजे कानांच्या तपासणीचा आलेख, काढला तर घेऊन या, असं त्यांना सांगितलंय. त्यावरचा तीन हजारांचा आणि चार हजारांचा आकडा मला शेजारी शेजारी बघायचाय.