वावरातला मॉड्युलर: मे महिन्याची मोजदाद

मी घरीच मॉड्युलर सिंथेसायझर (सुटे भाग एकमेकांना जोडून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) बांधतोय. मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की दुसरा व्हीसीओ (व्होल्टेज देऊ तसा सूर काढणारा ऑसिलेटर) झाला, सुरात लागला, आता फिल्टर घेतो. फिल्टर अजून पिशवीतच आहे. सुरात लावलेला व्हीसीओ दुसऱ्या दिवशी दुपारी सुरात नव्हता, आणि रात्री तर त्याचा आवाजच वेगळा. अख्खा मे त्यातच गेला.

आमचं घर वावरात, वरूड तालुक्यात. चहूकडे संत्र्याच्या बागा. आंबिया बहाराला उन्हाळाभर पाणी लागतं, त्यामुळे थ्री फेज आली की शिवारातले पंप एकदमच चालू होतात. बल्ब पिवळा पडतो, कूलर रेंगाळतो. साहजिकच मी सगळं खापर लाइनीवर फोडलं आणि स्टॅबिलायझर आणला. दुपारी सूर तरी उतरलेलाच. मग तो स्टॅबिलायझर कूलरला देऊन टाकला (घरात माझ्या या छंदावर पहिल्यांदाच कुणी खूश झालं) आणि ठरवलं, आता कानावर भरवसा नाही, मोजायचं.

सामान फार नाही: सीताबर्डीतून घेतलेला जुना २० मेगाहर्ट्झचा दोन चॅनलचा स्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप), एक मल्टिमीटर, एक जुना फ्रिक्वेन्सी काउंटर आणि मोबाइल. काउंटर एक सेकंद मोजतो, म्हणून १ हर्ट्झच्या आतलं त्याला दिसत नाही. ११० हर्ट्झच्या सुराला १ हर्ट्झ म्हणजे जवळपास १६ सेंट (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). असल्या मापानं ट्यूनिंग करणं म्हणजे ट्रकच्या काट्यावर सोनं तोलणं.

त्यापेक्षा स्कोप एक्स-वाय मोडवर टाकावा, म्हणजे एक सिग्नल आडवा आणि दुसरा उभा. एका चॅनलला मोबाइलमधल्या टोन जनरेटरची साइन, दुसऱ्याला व्हीसीओ. दोन्ही सारखे असले तर पडद्यावर अंडाकृती स्थिर उभी राहते, एक ऑक्टेव्हचा (सप्तकाचा) फरक असला तर इंग्रजी आठ. ४४० हर्ट्झला अंडाकृतीची एक पूर्ण फेरी व्हायला १० सेकंद लागली तर फरक ०.१ हर्ट्झ, म्हणजे अर्ध्या सेंटपेक्षाही कमी. नेमका आकडा हवा असेल तर आकृती थांबेपर्यंत मोबाइलचा टोन सरकवायचा आणि मोबाइलवरच वाचायचा. महागडा काउंटर घेऊ पाहणाऱ्यांनी आधी हे करून बघा.

व्होल्टेजसाठी ५ व्होल्टचा रेफरन्स आणि ०.१ टक्क्याचे पाच सारखे रेझिस्टर ओळीनं लावून १ ते ५ व्होल्टचा स्विच बनवला. एक व्होल्ट वाढला की सूर एक ऑक्टेव्ह, म्हणजे दुप्पट चढायला हवा; त्या हिशेबानं एक सेंट म्हणजे ०.८३ मिलिव्होल्ट, तेवढ्या खात्रीनं माझा मीटर सांगूच शकत नाही. पण दोन्ही व्हीसीओ याच स्विचवर लावले. पायली थोडी खोटी असली तरी सगळ्यांना तीच पायली.

मग वहीत नोंदी सुरू केल्या. सकाळी सहाला, खोलीत २७ अंश: १ व्होल्टला ११०, २ व्होल्टला २२०. दुपारी तीनला, ४१ अंश: खालचा सूर पुन्हा ११० वर आणला, तर वरचा २१३.७. त्याच वेळी स्कोपवर १२ व्होल्टची रेल (सगळ्या सर्किटला वीज पुरवणारी लाइन) बघितली, रेघ मारल्यासारखी सरळ. म्हणजे दुपारच्या भानगडीत घरची लाइन निर्दोष होती. एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरमधल्या (व्हीसीओत व्होल्टमागे सूर दुप्पट करणारा भाग) ट्रान्झिस्टरचा उतार केल्विनमधल्या तापमानाच्या उलट प्रमाणात बदलतो. ३०० चे ३१४ केल्विन झाले की हिशेबानं २१३.३ यायला हवेत. मला २१३.७ मिळाले. गणित इतकं जुळल्याचा आनंद वाटावा की वाईट, कळेना. मी टेम्प्कोच्या (तापमानाबरोबर बदलून ही चूक भरून काढणारा रेझिस्टर) जागी साधा मेटल फिल्म रेझिस्टर लावला होता, "सध्या चालून जाईल" म्हणून.

१९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरनं अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्था) मूग कंपनीचा मॉड्युलर बसवला होता. तिथल्या मे महिन्यात तो कसा वागत असेल, हे आता माझ्या डोक्यातून जात नाही.

मुंबईहून ३३०० पीपीएमचा टेम्प्को मागवला, थर्मल पेस्ट लावून ट्रान्झिस्टरच्या जोडीला चिकटवला, वरून हीट-श्रिंक. त्याच तीन वाजता, त्याच ४१ अंशांना: २१९.६. तीन सेंट. एवढ्यावर मी भांडत नाही.

पण रात्रीचं दुखणं राहिलंच. शेजारच्या वावरातले काका धुऱ्यावरून हाक मारतात, "काऊन रे, आज तुह्या पेटीचा गया बसला का?" मी हसण्यावारी नेलं होतं. मग एका रात्री पंप लागल्याबरोबर स्कोप रेलवर लावला, एसी कपलिंग, ट्रिगर लाइनवर. पडद्यावर १०० हर्ट्झचे दात उभे! लाइन २३० ऐवजी १६० व्होल्ट. १५-०-१५ च्या ट्रान्सफॉर्मरमधून तेव्हा ७८१२ पर्यंत (१२ व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) जेमतेम १४ पोचतात, आणि त्याला चालायला तेवढे तर लागतातच. जरा रिपल (व्होल्टेजमधली ती दातेरी लहर) आलं की रेग्युलेटर हात वर करतो, आणि ते रिपल व्हीसीओच्या सुरात शिरून घरघर होते. सूर उतरत नव्हता, गळाच बसत होता. काकांचा शब्द माझ्या महिनाभराच्या तर्कापेक्षा नेमका होता.

आता १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर घातलाय, कपॅसिटर ५० व्होल्टचे आणि हीटसिंक मोठं, कारण लाइन चढली की रेग्युलेटर चटका देतो.

राहिलं ते वरच्या टोकाचं. ५ व्होल्टला १७६० ऐवजी १७४८ येतात. स्कोपवर सॉटूथ (व्हीसीओची करवतीच्या दातासारखी लहर) वरून खाली पडायला ४ मायक्रोसेकंद घेताना दिसतो. ११० हर्ट्झला ते कुणाच्या खिजगणतीत नाही, पण १७६० ला अख्खं आवर्तनच ५६८ मायक्रोसेकंदांचं. म्हणजे बारा सेंटचा चोर तोच. हाय-फ्रिक्वेन्सी ट्रिमर (उंच सुरांची ही चूक भरून काढणारा स्क्रू) त्याच्यासाठीच असतो, पण त्याला अजून हात लावलेला नाही. उद्यापासून थ्री फेजची पुन्हा रात्रपाळी आहे, आधी नवा ट्रान्सफॉर्मर एक आठवडा बघतो. काकांना सांगून ठेवलंय, गया बसला की हाक मारा.