आल्प्समधल्या हटवर मुक्काम: आधी गादी, मग वाट

आल्प्समध्ये हटवर, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात, राहायचं म्हटलं की बहुतेक जण आधी नकाशा उघडतात. आमचं म्हणणं, आधी गादी (झोपायची जागा) मिळतेय का ते बघा, मग वाट आखा. बहुतेक हट जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच सुरू असतात आणि जुलै-ऑगस्टमधले शनिवार कित्येक आठवडे आधी भरतात. ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इटलीतल्या दक्षिण टिरोलमधल्या अल्पाइन क्लबांच्या (गिर्यारोहण संस्थांच्या) बऱ्याच हटचं बुकिंग एकाच सामायिक ऑनलाइन यंत्रणेवर होतं. खासगी हटला मात्र थेट ईमेल किंवा फोन करावा लागतो.

बेत रद्द झाला तर कळवाच. न कळवता गैरहजर राहिलात तर पैसे कापले जाऊ शकतात, शिवाय तुम्ही वाटेत अडकलात असं समजून शोध सुरू होऊ शकतो. शाकाहारी असाल किंवा एखादा पदार्थ चालत नसेल, तर तेही बुकिंग करतानाच सांगा. वरचं सामान हेलिकॉप्टरने किंवा मालवाहू रोपवेने येतं; आयत्या वेळी वेगळं काही शिजवायला तिथे फारसं काही नसतं.

आता वेळेचं गणित. तासाला ३०० मीटर चढ, ५०० मीटर उतार आणि सपाटीवर ४ किलोमीटर असा हिशेब धरतात. उंचीचा वेळ आणि अंतराचा वेळ वेगवेगळा काढायचा, मोठा आकडा पूर्ण घ्यायचा आणि लहान आकड्याचा अर्धा त्यात मिळवायचा. समजा ८ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ आहे. उंचीचे ३ तास, अंतराचे २; म्हणजे ३ अधिक १, एकूण ४ तास. वाटेवरच्या पाट्यांवर वेळ लिहिलेली असते, पण तीसुद्धा विश्रांती न धरता. तासभर थांबे धरले की झाले ५. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसह वादळं उठतात, म्हणून तीनच्या आत पोहोचायचं असेल तर दहाला निघणं हा अगदी शेवटचा पर्याय. आठ-नऊला निघालेलं बरं. उशीर केलात तर हाफ बोर्डचं (मुक्कामासोबत रात्रीचं जेवण आणि नाश्ता) जेवणही हुकू शकतं, कारण साधारण सहा-सातच्या सुमारास ते सगळ्यांना एकदमच वाढतात.

सॅकमध्ये लायनर, म्हणजे आत शिरून झोपायची पातळ कापडी पिशवी, हवाच. ब्लँकेट आणि उशी हटवर मिळते, पण लायनरशिवाय गादीवर झोपू देत नाहीत. रेशमी घेतलात तर वजन जेमतेम १५० ग्रॅम. हेडलॅम्प, इअरप्लग (वीस जणांच्या खोलीत कुणीतरी घोरणारच!), पॉवरबँक आणि रोख युरो किंवा फ्रँक घ्या. कार्ड चालेलच याची खात्री नाही. वीज बहुधा सौर, त्यामुळे प्लग कमी. नळाजवळ ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी दिसली तर ते पाणी प्यायचं नाही. शॉवर असलाच तर टोकन टाकून काही मिनिटांपुरता.

पोहोचल्यावर बूट बूटखोलीत काढायचे. पहाटेच्या अंधारात सगळे बूट सारखेच दिसतात, तेव्हा लेसला रंगीत दोरी बांधून ठेवा. सॅक गादीवर टाकू नका. ढेकूण असेच एका हटवरून दुसऱ्या हटवर जातात, आणि काही ठिकाणी तर सॅक खोलीबाहेरच ठेवायला लावतात. हटच्या वहीत नाव आणि उद्याचा मुक्काम लिहा. बेपत्ता माणसाचा शोध घेताना ती नोंद बघतात. बिल रात्रीच चुकतं करा आणि सॅकही तेव्हाच भरून ठेवा. दहाला दिवे मालवले की प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर अख्ख्या खोलीला ऐकू जाते, आणि शिखरावर जाणारे तीन-चारलाच उठलेले असतात.

सकाळी निघण्यापूर्वी पुढच्या वाटेची स्थिती हटचालकाला विचारा. उत्तरेकडच्या उतारांवर जुलैतही बर्फ असू शकतो, आणि हे नकाशा सांगत नाही. संकटात ११२ लावा. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टर बचावासाठी १४१४. रेंज नसेल तर शिट्टी किंवा दिव्याने मिनिटात सहा इशारे द्यायचे, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. मिनिटात तीन इशारे परत आले, म्हणजे तुमची हाक पोहोचली.