बादलीच्या नळाला जाळी नको

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नवं घर बांधताना 'ग्रीन होम' हा शब्द आता सर्रास कानावर येतो. पाणी वाचवणारे नळ, दोन बटणांचा फ्लश, गच्चीवरच्या पावसाची साठवण, मोरीच्या पाण्याचा पुनर्वापर. सगळं बसवून होतं, आणि वर्षभरात नळाच्या जाळ्या काढून खिडकीत ठेवलेल्या दिसतात, पावसाच्या पाइपाला बूच मारलेलं असतं. मग 'लोकांना पाण्याची किंमत नाही' असं म्हणून बांधणारे मोकळे होतात. नळाला पाणी कधी येणार यावर घरचं वेळापत्रक ठरवणाऱ्या बेळगावकरांना हे सांगणं अन्यायाचं आहे. राहणाऱ्याला जी सोय रोज सकाळी खुपते ती तो काढून टाकणारच. चूक बहुतेक वेळा बसवण्यात असते.

एरेटर, म्हणजे नळाच्या तोंडाला बसवायची जाळी, हे त्याचं सगळ्यात साधं उदाहरण. ती पाण्यात हवा मिसळते आणि मिनिटाला १०-१२ लिटरची धार ३ ते ६ लिटरवर आणते. पण आपल्याकडे अंघोळ बादली-तांब्याने होते. २० लिटरची बादली मोकळ्या नळाखाली पावणेदोन मिनिटांत भरते, ५ लिटरच्या जाळीखाली तिला ४ मिनिटं लागतात. पाणी दोन्हीकडे २० लिटरच! वाचलं काही नाही, फक्त शाळेच्या घाईत चार माणसं दारात उभी राहिली. म्हणून न्हाणीतला बादलीचा नळ आणि घागर-हंडा भरायचा नळ मोकळा ठेवावा. जाळी बसवावी ती जिथे पाणी वाहतं ठेवून काम होतं तिथे: वॉशबेसिनला ३ लिटरची, भांडी विसळायच्या नळाला ५-६ लिटरची. पिण्याचं पाणी सिंकवरच भरत असाल तर तिथे दुसरा साधा नळ द्या. बोअरच्या जड पाण्याने जाळीवर पांढरा थर बसतो. दोन-तीन महिन्यांनी ती काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ठेवली की पुन्हा चालते. ती हाताने फिरवून निघणारी हवी. जिला पाना लागतो ती कोणी साफ करत नाही.

शॉवरचं दुखणं दाबाचं आहे. पाणी वाचवणाऱ्या शॉवरवर छापलेला आकडा सहसा ३ बार दाबाचा असतो. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर १० मीटर उंचीमागे १ बार मिळतो. वरच्या मजल्यावरच्या शॉवरपासून टाकीतलं पाणी २ मीटर वर असेल तर दाब ०.२ बार, म्हणजे छापलेल्याच्या पंधराव्या हिश्श्याइतका. तिथे तो शॉवर ठिबकतोच. टाकी दीड मीटर स्टँडवर चढवावी, टाकीतून उतरणारी मुख्य लाइन १ इंची ठेवावी आणि वळणं कमी करावीत. कमी दाबासाठीच बनवलेला शॉवर घेतला तर आणखी बरं. चार-पाच मजली अपार्टमेंटमध्ये उलटं होतं. एकच नळ तळमजल्यावर फवारे उडवतो आणि वर रडतो. दाब बदलला तरी धार तेवढीच ठेवणारी जाळी खालच्या मजल्यांना द्यावी, वरच्यांना देऊ नये.

सोलरचं पाणी गरम येईपर्यंत सोडून दिलं जातं, हा हिशेबही करून बघा. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपात, म्हणजे गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपात, दर मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. टाकीपासून न्हाणी १६ मीटरवर असेल तर नळ उघडला की आधी ४ लिटर गार पाणी येणार. शेवटचा फाटा अर्धा इंची केला तर तिथे मीटरमागे जेमतेम सव्वाशे मिलिलिटर राहतं, पण दाब आधीच कमी असेल तर हा उपाय नको. पाइपाला इन्सुलेशन घालावं आणि सोलरची टाकी न्हाणीच्या डोक्यावर येईल असा नकाशा आधीच काढावा. घर पुरं झाल्यावर याला इलाज महाग पडतो.

सगळ्यात जास्त पाणी वाचतं ते फ्लशमध्ये, आणि सगळ्यात जास्त तक्रारीही तिथल्याच. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी दिवसाला एकदा पूर्ण आणि चारदा अर्धा फ्लश धरा. जुनी १० लिटरची टाकी २५० लिटर घेते. ६ आणि ३ लिटरची टाकी ९० घेते. रोजचे १६० लिटर! शहरासाठी माणशी १३५ लिटरचं जे मान धरतात, त्यानुसार एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्यापेक्षाही जास्त. पण संडासाच्या जुन्या भांड्यावर नुसती नवी टाकी लावली तर हा हिशेब मोडतो. ते भांडं १० लिटरच्या लोंढ्याने धुतलं जावं असं घडवलेलं असतं, ३ लिटरमध्ये कागद आणि फेस तिथेच फिरत राहतो, माणूस पुन्हा बटण दाबतो. अर्धा फ्लश दोनदा दाबायची सवय लागली की ९० चे १५० होतात आणि वर चिडचिड. टाकी आणि भांडं जोडीने घ्यावं. बाहेरच्या ४ इंची लाइनीला दर मीटरला २ सेंटिमीटर उतार हवा. गवंड्याने हाताच्या अंदाजाने सपाट टाकलेली लाइन जुन्या १० लिटरच्या लोंढ्यावर निभावते, कमी पाण्यावर तुंबते. मग दोष फ्लशला दिला जातो.

पावसाच्या बाबतीत एकच नकाशा सगळ्या जिल्ह्याला चालत नाही. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस, अथणीकडे साडेपाचशे-सहाशेच्या आसपास. १,००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. १५ टक्के वाया गेलं असं धरलं तरी बेळगावात ९५ हजार लिटर, अथणीत ४३ हजार लिटर हाती येऊ शकतं. ५,००० लिटरची टाकी ६३ मिलिमीटर पावसात भरते. बेळगावात जून-जुलैत ती सतत भरलेलीच राहील, त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने नळाच्या पाण्याची बचत होईल, पण उन्हाळ्याला तिचा उपयोग नाही. तिथे खरा फायदा जुन्या विहिरीत पाणी सोडण्यात आहे. शहरात अजून किती वाड्यांत, परड्यांत विहिरी आहेत! १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत आजही आहे. तांबड्या, जांभ्याच्या जमिनीत पाणी मुरतं. अथणी-रायबागच्या काळ्या मातीत शोषखड्डा खणला तर माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्ड्याचं डबकं होतं. तिकडे पाऊस खंड घेत पडतो, टाकी रिकामी होऊन पुन्हा भरते. तिथे पैसा टाकीतच घालावा.

पहिलं पाणी सोडून देण्याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी नावापुरती असते. गच्चीवरचा पहिला १ मिलिमीटर तरी बाहेर जायला हवा, म्हणजे ९३ लिटर. प्रत्यक्षात ४ इंची पाइपाचा ३ फुटांचा तुकडा उभा लावतात. त्यात मावतं साडेसात लिटर. मग कबुतरांची घाण आणि धूळ सरळ टाकीत. १०० लिटरचा ड्रम लावा, खाली बारीक गळती ठेवा म्हणजे पाऊस थांबल्यावर तो आपोआप रिकामा होईल. वळवाचं पाणी घेऊच नका, मृगाच्या आधी गच्ची झाडून धुऊन घ्या. गाळणीत बारीक वाळू घालण्याचा मोह टाळा. ताशी ५० मिलिमीटरच्या सरीत या गच्चीवरून मिनिटाला ७७ लिटर येतात, बारीक वाळूच्या एका ड्रममधून ते जात नाहीत आणि वरून सांडतात. जाड वाळू, खडी, वर काढून धुता येणारी जाळी, आणि शक्य तर दोन ड्रम. विहिरीत किंवा बोअरमध्ये पाणी सोडताना संडासाचा शोषखड्डा तिथून किमान १५ मीटर दूर असल्याची खात्री करा.

मोरीचं पाणी केळीला आणि अळवाला घालायची आपली जुनी रीत तशीच ठेवावी असं आमचं ठाम मत आहे. तेच पाणी टाकीत साठवून फ्लशला वापरायला गेलं की एका दिवसात काळं पडतं, वास मारतं, आणि घरातलं माणूस व्हॉल्व्ह बंद करतं. त्याचा राग रास्त असतो. त्याऐवजी परड्यात मीटरभर रुंद, फूटभर खोल आळं करा, त्यात नारळाची सोडणं आणि वाळका पाला भरा, कडेने केळ, अळू, कर्दळ लावा. पाणी दोन-तीन तासांत मुरलं पाहिजे, साचलं तर दुसरं आळं जोडा. स्वयंपाकघराचं तेलकट पाणी वेगळं, ते आधी तेल अडवणाऱ्या चेंबरमधून. वॉशिंग पावडरमधल्या सोडियमने काळी माती घट्ट होते, म्हणून अशा जमिनीत कपड्यांचं पाणी रोज एकाच झाडाला नको.

गळती शोधायला मीटर बघा असं पुस्तकात असतं. ज्या घरात पाणी आधी संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, पडतं तिथे मीटर संपाच्या अलीकडे असतो, घरातली गळती तो दाखवत नाही. त्याऐवजी रात्री झोपताना पंप बंद करून गच्चीवरच्या टाकीत पातळीची खूण करा, आणि उठल्यावर नळ उघडायच्या आधी बघा. १,००० लिटरच्या गोल टाकीत, व्यास ११० सेंटिमीटर असेल तर, १ सेंटिमीटर उतार म्हणजे साधारण साडेनऊ लिटर. उतार दिसला तर प्रत्येक फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद कालवा आणि वीस मिनिटं कोणालाही बटण दाबू देऊ नका. भांड्यात पिवळं दिसलं की त्या टाकीच्या तळाचं रबर बदलायला झालं.