एमएच नव्हे, एचएच

"काकी, स्टेअरिंग कुठं टाकलंत?"

बागमांडल्याच्या जेटीवर गाड्या बोटीत चढवणारा पोरगा उजव्या खिडकीशी येऊन उभा राहिला होता. ड्रायव्हरच्या जागी मी, माझ्या मांडीवर घावनांचा डबा, आणि समोर चाकाचा पत्ता नाही. मी डावीकडे बोट दाखवलं. तिकडून माझ्या व्याह्यांनी हसून हात हलवला. पोरगा मागे जाऊन नंबरप्लेट वाचून आला.

"एमएचच्या जागी एचएच छापलंय, चुकून काय?"

चुकून नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या गाड्यांवर एचएच असतं. माझी लेक तिथे असते, जावई तिथलाच. व्याही आणि विहीणबाई दोघंही निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली जुनी फोक्सवागन व्हॅन बाहेर काढली आणि तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान करत २८ नोव्हेंबर २०२३ ला अटारीला भारतात शिरले. मुलाचं सासर बघायला. ते सासर रत्नागिरीत, म्हणून २० जानेवारीला मी एसटीने अलिबाग गाठलं आणि पुढचा किनारा त्यांच्या गाडीतून केला.

व्याही मला 'फिहीनबाई' म्हणतात. लेकीने इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं, आणि जर्मन लोक त्या व्हीचा फ करतात. फोक्सवागनमधला फ तोच.

मुरुडला पहिल्या संध्याकाळी मी सहज म्हटलं, उद्या थोडा वेळ मी चालवते, तुम्ही समुद्र बघा. माझ्या परवान्याला बत्तीस वर्षं झाली आहेत. व्याही एकदम गंभीर झाले, आत गेले आणि प्लास्टिकच्या पाकिटातून एक लांबट पुस्तक घेऊन आले. घरात पोथी जपतात तसं.

त्याला कार्नेट म्हणतात. गाडीचा पासपोर्टच म्हणा. प्रत्येक देशासाठी एक पान, पानाचे तीन तुकडे. शिरताना कस्टमवाले खालचा तुकडा फाडून घेतात, बाहेर पडताना मधला. वरचा पुस्तकात राहतो, आणि त्यावर आल्याचा आणि गेल्याचा असे दोन शिक्के लागतात. दुसरा शिक्का लागला नाही तर गाडी त्या देशात विकली असंच धरतात आणि आयात शुल्क मागतात. आपल्याकडे वापरलेल्या परदेशी गाडीवरचं शुल्क गाडीच्या किमतीहूनही जड. म्हणून पुस्तक देणारा तिकडचा ऑटोमोबाइल क्लब, एडीएसी, आधीच तारण ठेवून घेतो. पुस्तकाची मुदत एक वर्ष. भारतात गाडी बिनशुल्क ठेवायची मुभा सहा महिने.

आणि माझ्या मतलबाची गोष्ट: अशी गाडी ज्याच्या नावावर आहे त्याने चालवायची, नाहीतर त्याने लेखी अधिकार दिलेल्याने, आणि तोही या देशाचा रहिवासी नसावा. म्हणजे अख्ख्या कोकणात ती व्हॅन चालवायला सगळ्यात नालायक माणसं म्हणजे आम्ही कोकणातली.

गाडीचे सहा महिने, पण माणसाचे? व्याह्यांच्या टुरिस्ट व्हिसावर सलग ९० दिवस. गाडी मेच्या अखेरीपर्यंत राहू शकत होती, मालकाला २५ फेब्रुवारीच्या आत बाहेर पडायचं होतं. मी म्हटलं, गाडी ठेवा माझ्या अंगणात, तुम्ही विमानाने जाऊन या. त्यांनी मान हलवली. गाडी माझ्या ताब्यात आणि ते देशाबाहेर, हे त्यांना पोथीत बसेना.

व्हिसाही त्यांनी सोपा काढला नव्हता. घरबसल्या मिळणारा ई-व्हिसा तेव्हा ठरावीक विमानतळांवर आणि बंदरांवरच चालायचा. जमिनीवरून गाडी घेऊन येणाऱ्याला पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसाच हवा. हे ऐन सीमेवर कळलेले लोक त्यांना वाटेत भेटले होते. जावयाचं वेगळंच. भारतीय बायकोचा नवरा म्हणून त्याचा एन्ट्री व्हिसा. तो डिसेंबरात विमानाने आला, वडिलांच्या अधिकारपत्रावर पुणे ते अलिबाग व्हॅन चालवली आणि नोकरीसाठी परत गेला. एक गाडी, एक घर, पण बापाचे दिवस वेगळे, लेकाचे वेगळे आणि व्हॅनचे तिसरेच.

तिकडेही हे असंच आहे, असं लेक फोनवर म्हणाली. तिच्या वर्गातला इस्तंबूलचा मुलगा गाडी घेऊनच शिकायला आला होता. युरोपीय संघाच्या नियमात बाहेरच्या विद्यार्थ्याला शिक्षण चालू असेतो आपली गाडी बिनशुल्क वापरता येते. ठरावीक मुदतीच्या कामावर आलेल्याला ते काम संपेतो, नुसत्या फिरायला आलेल्याला सहा महिने. शिक्षण संपून त्याला तिथेच नोकरी लागली, तो तिथला रहिवासी झाला, आणि तीच गाडी, तोच पार्किंगचा खांब, पण मुभा संपली. त्याने सुट्टीत गाडी इस्तंबूलला नेऊन भावाला देऊन टाकली.

तर मी उजवीकडे. डाव्या हाताच्या स्टेअरिंगची गाडी आपल्या रस्त्यावर आली की ड्रायव्हरला दिसतो तो गडगा, गटार आणि शेण. पुढच्या एसटीच्या पलीकडे काय आहे हे फक्त शेजारच्याला दिसतं. अलिबागपर्यंत ते काम जावयाने आणि विहीणबाईंनी आलटून पालटून केलं होतं. पुढे माझ्याकडे आलं. मी मान बाहेर काढायची, समोर रिकामं असलं तर 'चल', नसलं तर 'थांब'. इंग्रजीत सांगायला गेले तर ट्रक येऊन जायचा, म्हणून मराठीच ठरली. दिवेआगर ते श्रीवर्धन या एवढ्याशा पट्ट्यात व्याह्यांना दोन्ही शब्द पक्के झाले. मागच्या बाकावरून विहीणबाई माझ्याबरोबर 'थांब' ओरडायच्या, हौसेने.

सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी, मग केळशी, आंजर्ले. आंजर्ल्याच्या वाड्यांमधून जाताना दोन्ही बाजूंच्या चिऱ्याच्या गडग्यांना आरसे मिटून घ्यावे लागले.

दापोलीच्या अलीकडे एका नाक्यावर पोलिसांनी थांबवलं. हवालदार सवयीने माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "लायसन." मी म्हटलं, "माझं आहे, पण उपयोग नाही." व्याह्यांनी मोठ्या समाधानाने फाइल उघडली. २०२२ साली केंद्र सरकारने परदेशी खासगी गाड्यांसाठी नियम काढले आहेत, त्यात मागितलेलं सगळं क्रमाने लावलेलं: नोंदणीचं प्रमाणपत्र, परवाना, अमृतसरमध्ये काढलेला विमा, जर्मन कागदांचं शिक्कामोर्तब केलेलं इंग्रजी भाषांतर. पीयूसी विचारल्यावर त्यांनी हवालदारांना मागे नेऊन नंबरप्लेटवरचा गोल स्टिकर दाखवला. तिकडच्या तपासणीत धूरही येतो.

एवढ्यावर सुटलो असतो. पण व्याही प्रामाणिक. त्याच नियमांत परदेशी गाडीने स्थानिक प्रवासी आणि माल वाहायचा नाही असंही आहे, आणि ही शंका त्यांना अलिबागपासून छळत होती. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, ही स्थानिक प्रवासी आहे का? मी घावनांचा डबा घट्ट धरला.

"भाडं घेतात का तुमच्याकडून?" हवालदारांनी मला विचारलं.

"अहो, व्याही आहेत माझे. मुलीचे सासरे."

हवालदारांनी फाइल मिटली. "व्याह्यांकडून भाडं? उलट तुम्हालाच मानपान करायला लागेल. जावा." हा निवाडा मी व्याह्यांना समजावून सांगायला गेले आणि अडकले. इंग्रजीत आमच्या नात्याला नेमका शब्द नाही, जर्मनमध्येही रोजच्या बोलण्यातला नाही असं ते म्हणाले. व्हिसाच्या फॉर्मवर 'भारतातील ओळख' या रकान्यात त्यांनी मला 'मैत्रीण' लिहिलं होतं म्हणे. विहीणबाई मागे फिदीफिदी हसत होत्या.

दाभोळहून धोपावे, गुहागर, आणि २७ जानेवारीला हेदवी. दशभुजा गणपतीचं दर्शन झालं. मग भरतीच्या वेळी बामणघळ बघायला खाली उतरलो. कातळाच्या त्या अरुंद भेगेत लाट शिरली की पाण्याचा खांब वर उसळतो. तो फोटोत पकडायला व्याही दोन पावलं पुढे गेले आणि शेवाळावरून घसरले. डावा घोटा, म्हणजे क्लचचा पाय. गुहागरला रिक्षाने नेऊन एक्स-रे काढला. हाड शाबूत, पण पाय टेकायचा नाही.

जिथे उतरलो होतो त्या घरचा मुलगा बोलेरो चालवतो. तो म्हणाला, काका, मी पोचवतो तुम्हाला रत्नागिरीला, त्यात काय. मी सांगितलं, चालत नाही. का? मी कार्नेट, रहिवासी, तारण सगळं सांगितलं. ऐकून त्याची आई म्हणाली, "गाडी काय खातो की काय आम्ही?" तिचा राग मला पटत होता. मी आणि तो, दोन परवाने, दोन धडधाकट माणसं, आणि व्हॅन चार दिवस फणसाखाली उभी. व्याही बाजेवर पाय उंच करून वहीत आकडे मांडत होते: आज ६१वा दिवस, आज ६२वा, पुढे नेपाळच्या सीमेपर्यंत एवढे एवढे किलोमीटर.

पाचव्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे किल्ली मागितली. अधिकारपत्र त्यांच्याही नावाने हॅम्बुर्गहूनच करून आणलेलं होतं, परवानाही होता. फक्त गेली काही वर्षं त्यांनी ही व्हॅन हातात घेतली नव्हती, आणि आपल्या रस्त्यावर तर कधीच नाही. व्याह्यांना मागच्या बाकावर आडवं केलं. मी माझ्या जागी.

हेदवी ते तवसाळ हे अंतर म्हणायला थोडकं. पहिल्याच चढावर गाडी तीनदा बंद पडली आणि मागे वडाप जीपवाल्याने हॉर्नवर हातच ठेवला. मी मान बाहेर काढून त्याला चार शब्द सुनावले. विहीणबाईंनी त्यांचा अर्थ विचारला, मी सांगितला नाही. पुढच्या वळणावर बैलगाडी. थांब. थांब. थांब. चल! त्या डोळे मिटून निघाल्यासारख्या निघाल्या आणि बैलगाडी मागे पडल्यावर दोघी एकदम ओरडलो. तवसाळच्या जेटीवर त्यांनी व्हॅन एका दमात बोटीत घातली. शास्त्रीच्या खाडीवर वारा होता. त्यांचे हात अजून थरथरत होते. मी उरलेला लाडू अर्धा करून दिला. जयगडला उतरताना मागून व्याही म्हणाले, "चल."

रत्नागिरीत ते दहा-बारा दिवस राहिले. घोट्याची सूज उतरली, पण चाक विहीणबाईंनी परत दिलं नाही. १२ फेब्रुवारीला निघाले, ७७वा दिवस. उजवीकडच्या माझ्या जागी आता व्याही बसले होते.

२२ तारखेला सोनौलीहून फोटो आला: कार्नेटचं भारताचं पान, खालचे दोन्ही तुकडे फाडलेले, वरच्यावर दोन शिक्के. त्याच्यामागून आवाजी निरोप. ट्रकचे हॉर्न, कुणीतरी नेपाळीत काही विकतंय, आणि त्या सगळ्या गोंधळावर व्याह्यांचा घसा फोडून ओरडलेला आवाज: "थांब! थांब! थांब... चल!"