एक बुश आणि बारा फोटो

पहिलं रीळ धुऊन आलं ते काचेसारखं स्वच्छ होतं. टोकाचा बोटभर काळा भाग सोडला तर एवढ्या लांब पट्टीवर एक ओरखडासुद्धा नाही. रंकाळ्यावरची संध्याकाळ नाही, भवानी मंडपाची कमान नाही, आणि गंगावेशीत म्हशीची धार काढून ग्लास भरून देणारा तो दूधवालाही नाही. त्याला तर मी तीनदा "जरा इकडं बघा" म्हणून थांबवलं होतं. म्हशीनंही बघितलं होतं.

आमच्या गल्लीतले फोटोवाले काका पट्टी उजेडात धरून शांतपणे म्हणाले, "लिव्हर ओढताना डावीकडची चकती फिरत होती का?"

"कुठली चकती?"

"मग झालं."

फिल्मची जीभ पलीकडच्या स्पूलच्या खाचेत नीट अडकलीच नव्हती. मी दोन आठवडे लिव्हर ओढत होते, वरचा आकडा इमानदारीत पुढे सरकत होता, बटण दाबलं की शटर टुक करत होतं आणि फिल्म आपल्या डबीत निवांत झोपली होती. फिल्म खरोखर सरकत असेल तर रीळ उलटं गुंडाळायची डावीकडची चकती प्रत्येक ओढीला आपोआप फिरते. एवढंच बघायचं असतं. आता मी ती चकती इतक्या संशयानं बघते, की समोरचा माणूस पोझ देऊन कंटाळतो.

कॅमेरा होता यशिका इलेक्ट्रो 35. थोरल्या चुलत्यांनी मस्कतहून आणलेला. आमच्या माळ्यावर तो पितळी समई आणि लग्नातल्या अहेराचे न उघडलेले खोके यांच्यामध्ये चामड्याच्या केसमध्ये बसून होता. 1966 साली हे मॉडेल बाजारात आलं तेव्हा त्याचं कौतुक असं, की उजेड आत घेणारं भिंगातलं छिद्र तुम्ही ठरवायचं आणि शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा स्वतः ठरवणार. पिवळा दिवा लागला तर उजेड कमी आहे, हात स्थिर ठेवा. लाल लागला तर उजेड जास्त झाला. सिग्नलपेक्षा सोपं. फक्त ते दिवे लागायला बॅटरी हवी होती, आणि तिथंच घोडं अडलं. ती जुन्या काळची 5.6 व्होल्टची पाऱ्याची बॅटरी. पारा विषारी म्हणून त्या बॅटऱ्या बनणं कधीच बंद झालं. हल्ली मिळते ती 6 व्होल्टची. कॅमेऱ्याला तेवढा फरक चालतो, पण ती अंगानं बारीक आणि उंचीनं ठेंगणी. खोबणीत टाकली की खुळखुळते.

बाहेरगावाहून अडॅप्टर मागवता येतो असं कळलं. पण कोल्हापुरात राहून साडेचार सेंटिमीटरची नळी बाहेरून मागवायची? ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा अख्खा कॅमेरा स्वतः बनवला, ज्या गावात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, त्या गावात? मी सरळ उद्यमनगरात बुश, म्हणजे ती नळी, करून घ्यायला गेले.

तिथं एका शेडमध्ये लेथवर काम करणारे मिस्त्री आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. शेडमध्ये गरम लोखंडाचा आणि कटिंग ऑइलचा वास, कोपऱ्यात पंपाचे पार्ट, दारात सायकल. मी पर्समधून कॅमेरा काढला तसे दोन पोरगे काम सोडून आले.

"काय करायचं ह्याचं?" मामा म्हणाले.

"बुश पाहिजे. बॅटरीला."

त्यांनी कॅमेऱ्याचं पोट उघडलं, व्हर्नियर आत घातला, माप घेतलं, बॅटरीचं माप घेतलं. कॅमेरा हा प्रकार आपल्याला नवा आहे असं चेहऱ्यावर कुठं दिसूसुद्धा दिलं नाही. "नायलॉनचं करू या. पितळेचं केलं तर शॉर्ट हुईल. आन् खाली स्प्रिंग लागंल, उंची कमी पडायल्या." मला ज्या गोष्टी शोधायला चार रात्री लागल्या होत्या त्या त्यांनी चार मिनिटांत सांगितल्या. नायलॉनची कांडी चकमध्ये धरली, पांढऱ्या शेवया खाली पडू लागल्या, आणि चहा यायच्या आत बुश तयार. बॅटरी बसली. तपासायचं बटण दाबलं तसा वरच्या आकड्यापाशी हिरवा दिवा लागला. दोन्ही पोरं एकदम म्हणाली, "नाद खुळा!"

मामांनी विचारलं, "बॅटरी नसली तर हे बंदच?"

बंद नाही, हे मला नंतर कळलं. बॅटरी नसली की हा कॅमेरा आपलं सगळ्यात वेगवान शटर तेवढं मारतो, सेकंदाचा 500वा भाग. आणि जुन्या फोटोग्राफरांचा एक हिशेब आहे: लख्ख ऊन असेल तर छिद्र 16वर ठेवायचं आणि शटर फिल्मच्या वेगाच्या, म्हणजे तिला उजेड किती पटकन कळतो त्या आकड्याइतकं, सेकंदाचा तितकावा भाग. 400 वेगाची फिल्म असेल तर साधारण 500वा भाग. म्हणजे एप्रिलात दुपारी बाराला बिंदू चौकात उभं राहिलं तर या कॅमेऱ्याला बॅटरीची गरजच नाही. गरज टोपीची आणि कोकमाची.

अशा रेंजफाइंडरची, म्हणजे अंतर जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्याची, खरी मजा मात्र दिव्यात नाही, त्या पिवळसर चौकोनात आहे. हल्लीच्या मोठ्या कॅमेऱ्यांसारखं इथं तुम्ही भिंगातून बघत नाही. वर एक वेगळी खिडकी असते, तिच्यापासून थोड्या अंतरावर आणखी एक बारीक खिडकी. दोन्ही खिडक्यांतलं चित्र आत आरशांनी एकावर एक पडतं. मधल्या चौकोनात आई दिसते, पण दोन नाकांची. भिंगाची कडी फिरवत गेलं की दोन नाकं जवळ येतात, येतात, आणि एकदम एक होतात. तिथं आई फोकसमध्ये. आपले दोन डोळे अंतर ओळखतात तीच ही युक्ती, फक्त पितळेत आणि काचेत बसवलेली. मी घरातल्या सगळ्यांची नाकं जुळवून घेतली. पंखा, कुंडी, शेजारचं मांजर. फिल्म नसतानाही हा खेळ तासभर पुरतो.

या वेगळ्या खिडकीचा तोटा असा, की भिंगावर झाकण तसंच राहिलं तरी तुम्हाला समोरचं सगळं स्वच्छ दिसत राहतं. उजेड मोजणारा डोळाही भिंगाच्या बाहेर, त्यामुळे तोही तक्रार करत नाही. पन्हाळ्याला तीन दरवाजापाशी मी भाच्यांचे सहा फोटो झाकणासकट काढले. आता झाकण घरी ठेवते.

यानंतर खरं तर थांबायला हवं होतं. पण फोटोवाल्या काकांनी दुकान आवरायला काढलं. गल्लीतली दोन पिढ्यांची लग्नं त्यांनी ज्यावर टिपली तो दोन डोळ्यांचा कॅमेरा, यशिका मॅट 124 जी, त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तू निदान फडकं तरी मारशील." पैसे घेतले, पण लाजत घेतले. देताना सगळं तपासून दाखवलं. एक सेकंदाचं शटर लावून कान जवळ न्यायला सांगितलं. "आवाज मध्येच अडखळला तर आतलं वंगण घट्ट झालंय म्हणायचं." टॉर्च मागून भिंगात मारून दाखवली. "कोळिष्टकासारखं काही दिसलं तर बुरशी. आपल्याकडचा पावसाळा माहीत आहे ना? चामड्याच्या केसमध्ये ठेवू नको, ओल धरते." इतकी वर्षं माळ्यावर चामड्यात गुदमरलेल्या चुलत्यांच्या कॅमेऱ्याला बुरशी कशी लागली नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आता दोन्ही कॅमेरे झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहतात. ज्या डब्यात पूर्वी भडंग असायचं.

या मोठ्या कॅमेऱ्यात 120ची फिल्म लागते. 1901पासून हा आकार चालू आहे, आणि अजून मिळतो. बटाट्याचे वेफर्स दर वर्षी लहान होतात, पण ही फिल्म तेव्हा 6 सेंटिमीटर रुंद होती, आजही तितकीच आहे. डबी नाही, भोकं नाहीत. काळ्या कागदात गुंडाळलेली सुरळी. कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी जुळवायचा, झाकण लावायचं आणि हँडल फिरवायचं. संपली की कागदी पट्टीला जीभ लावून चिकटवायची, टपालाच्या पाकिटासारखी. एका रिळात फोटो बाराच, पण चौकोनी, आणि प्रत्येक चौकोन नेहमीच्या 35 मिलिमीटरच्या फिल्मवरच्या फोटोच्या साडेतीनपट मोठा. मीडियम फॉर्मॅट म्हणतात ते हेच. उद्या कुणी सुरुवात करायची म्हटलं तर मी त्याला आधी रेंजफाइंडरच घे म्हणेन, कारण छत्तीस चुका परवडतात. बारा चुकांना रडू येतं. एका रिळाच्या पैशात आमच्या घरच्या सगळ्यांची मिसळ होते, वर जादा कट.

फिल्मचे फोटो मोबाइलपेक्षा चांगले येतात असं मी म्हणणार नाही. माझे तर बहुतेक वेळा वाईटच येतात. आणि निगेटिव्ह शेवटी मी पांढऱ्या स्क्रीनवर ठेवून मोबाइलनंच टिपते, हेही सांगून टाकते.

दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यात वरून, पोटाशी धरून बघायचं. वरचं भिंग तुम्हाला दाखवतं, खालचं फिल्मला. वरच्या काचेत चित्र सरळ दिसतं, पण डावं-उजवं उलटं. रंकाळ्यावर घोडागाडी काचेत डावीकडे दिसत होती म्हणून मी कॅमेरा डावीकडे वळवला, तर ती चौकटीबाहेरच पळाली. पुन्हा वळवला, पुन्हा पळाली. शेजारी कणीस खाणारे आजोबा म्हणाले, "बाई, गाडी हिकडं हाय." मग त्यांनी वाकून काचेत बघितलं आणि तिथंच राहिले. कणीस माझ्या हातात दिलं. मोबाइल काढला तर कुणी ढुंकून बघत नाही, पण हा ठोकळा पोटाशी धरला की माणसं येतात. कुणाच्या वडिलांकडे क्लिक थ्री कॅमेरा होता, ऊन आणि ढग अशा खुणांचा. कुणाला उटीच्या कारखान्यातली इंदू फिल्म आठवते. एकानं मला पूर्ण विश्वासानं सांगितलं की यात एक्स-रेसुद्धा निघतो.

अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाच्या दिवसांत एकदा महाद्वारात गर्दीत उभी होते. मावळतीचा उजेड दारातून आत शिरतो, पायरी पायरीनं पुढे सरकतो, देवीच्या पायांशी येतो, मग वर चढतो. कधी ढग आडवा येतो, कधी इमारत. कॅमेरा या शब्दाचा मूळ अर्थ खोली, हे मला माहीत होतं. अंधारी खोली, एक दार, आणि ठरलेला वेळ उजेड. त्या दिवशी कॅमेरा मुद्दाम घरी ठेवला होता. किरण कुठंपर्यंत पोचले यावर परतताना रिक्षावाल्याशी वाद झाला.

रिळं आता मी घरीच धुते. रात्री, न्हाणीघरात, दाराच्या फटीला टॉवेल लावून. अंधारात सुरळी चक्रीवर चढवणं म्हणजे डोळे मिटून मोदकाच्या कळ्या पाडणं. पुस्तकात लिहिलंय डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, 20 अंशांवर ठेवा. मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी चहाला अर्धं तयार असतं, म्हणून परातीत बर्फ टाकून बाटल्या बसवते. नंतर साधं पाणी, मग चित्र पक्कं करणारा हायपो. मग फिल्म धुवायची छोटी टाकी उघडून ओली पट्टी उजेडात धरायची. आई बाहेरून विचारते, "आलं का काय?" बाळंतिणीच्या खोलीबाहेर विचारावं तसं.

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीच्या कॅमेऱ्यासाठी दुसरं बुश हवं होतं म्हणून पुन्हा उद्यमनगरात गेले. या वेळी मोठा कॅमेरा नेला. मामांना म्हणाले, काम चालू ठेवा, मी काढते. दारातून ऊन तिरपं येत होतं, लेथवर, त्यांच्या हातांवर. शटर 30व्या भागावर, श्वास रोखून, एकच फोटो. उरलेल्या अकरांचं सांगण्यासारखं काही नाही.

तो चांगला आला. इतका चांगला, की मी मोठा प्रिंट काढून घेतला. हातावरचे केस दिसत होते, लोखंडाच्या कुरळ्या शेवया एकेक मोजता येत होत्या, मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता येत होती.

मामांनी हात फडक्याला पुसले, चष्मा लावला, प्रिंट दारात उजेडात नेला. पोरं खांद्यावरून डोकावू लागली. मामा स्वतःकडे बघतच नव्हते. बोट चकपाशी नेलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"टूल सेंटरच्या खाली बसवलंय ह्यात. कुणी केलंय हे?"

"तुम्हीच, मामा. तुमचाच फोटो आहे तो."

त्यांनी प्रिंट आडवा केला, उभा केला, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"मग तुमचा कॅमेरा वाकडा असंल, ताई. आणा हिकडं, बघू."