व्याख्यानांच्या ध्वनिमुद्रणासाठी छोटा माईक निवडताना : माझा अनुभव

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालय दर हिवाळ्यात व्याख्यानमाला भरवते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे महाराष्ट्रात गावोगावी अशा माला उभ्या राहिल्या. त्यांतलीच ही एक लहानशी. वाचनालयाच्या जुन्या इतिवृत्तांत वक्त्याचे नाव, विषय आणि ‘श्रोत्यांची उपस्थिती चांगली होती’ एवढेच सापडते. वक्ता प्रत्यक्षात काय बोलला आणि कसा बोलला, हे कायमचे हरवले आहे. यापुढे तरी असे होऊ नये म्हणून कार्यकारिणीने ध्वनिमुद्रणाचा ठराव केला आणि माईक निवडण्याचे काम माझ्याकडे सोपवले.

माझ्या मनात दोन अटी होत्या. शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू यावा आणि वक्त्याला माईकची आठवणही राहू नये. आमच्याकडे येणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, शेतीचे जाणकार असतात, एखाद्या किल्ल्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेले असतात. सभेची त्यांना सवय असते, पण समोर लाल दिवा लागलेले यंत्र ठेवले की त्यांची भाषा एकदम जपून चालू लागते. माईक डोळ्यांत भरू नये ही अट एवढ्यासाठीच होती. वक्त्याला न सांगता मुद्रण करण्याचा विचार आम्ही कधीच केला नाही. निमंत्रणाच्या पत्रातच तसे कळवतो आणि संमती लेखी घेतो.

सुरुवातीला व्यासपीठावरील टेबलावर मोबाइल ठेवून पाहिला. बहुतेक मोबाइल मुद्रणाची पातळी आपोआप कमी-जास्त करतात, त्यामुळे वक्ता क्षणभर थांबला की पंख्यांची घरघर वर उठे आणि पुढचे वाक्य सुरू झाले की दबून जाई. मूळ अडचण मात्र अंतराची होती. मोकळ्या जागेत माईक तोंडापासून दुप्पट अंतरावर गेला की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण भिंतींवरून परतणारा घुमारा आणि पंख्याचा आवाज जवळपास तेवढेच राहतात. पत्र्याच्या छताच्या आमच्या सभागृहात तर टेबलावरचा महागडा माईकही या गणितापुढे हतबल ठरला असता. त्यामुळे माईक अंगावरच हवा, म्हणजे कॉलर माईक, हे ठरले.

कॉलर माईक दोन प्रकारचे मिळतात : सर्व दिशांचा आवाज घेणारे आणि एकाच दिशेचा घेणारे. पंख्याचा त्रास डोळ्यांसमोर असल्याने मला आधी दुसरा प्रकार बरा वाटला होता. पण वक्ता टिपणाकडे मान खाली घालतो, अध्यक्षांकडे वळून बोलतो, आणि अशा प्रत्येक वेळी एकदिशा माईकमधला आवाज बदलतो. शिवाय कपड्याची सळसळही त्याला अधिक जाणवते. सर्वदिशा माईक छातीवर थोडा इकडेतिकडे झाला तरी सांभाळून घेतो, म्हणून तोच घेतला.

वायरचा, वायरलेस की स्वतःच मुद्रण करणारा, यावर कार्यकारिणीत बरीच चर्चा झाली. बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा वायरचा कॉलर माईक स्वस्त आहे आणि त्याचा आवाजही किमतीच्या मानाने उत्तम आहे. त्याची ६ मीटर लांब वायर मात्र व्यासपीठावर दीपप्रज्वलनासाठी ये-जा करणाऱ्यांच्या पायांत येत होती. एका परिचिताचा वायरलेस संच वापरून पाहिला, तेव्हा सभागृह भरल्यावर मधूनमधून शब्द तुटू लागले. असे बरेच संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात असतात, आणि माणसाचे शरीर त्या लहरी बऱ्याच शोषून घेते. त्यामुळे वक्त्याच्या कमरेला मागे लावलेल्या, आवाज पाठवणाऱ्या पेटीचा संकेत पुढच्या रांगेत ठेवलेल्या ग्राहकयंत्रापर्यंत नीट पोहोचत नसे. ज्या व्याख्यानाची पुन्हा संधी नाही, त्यातले एक वाक्यही हवेत हरवणे मला मान्य नव्हते.

अखेर खिशात मावणारा आणि कॉलर माईक थेट जोडता येणारा रेकॉर्डर घेतला, झूम या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीचा एफ२. त्याला पडदा नाही आणि पातळीचे बटणही नाही, कारण तो ३२-बिट फ्लोट पद्धतीने मुद्रण करतो. कुजबुज आणि आरोळी दोन्ही एकाच फाइलमध्ये मावतात आणि पातळी नंतर संगणकावर जुळवता येते. पुटपुटत सुरुवात करून शेवटी टेबलावर मूठ आपटणाऱ्या वक्त्यासाठी याहून योग्य व्यवस्था मला दिसली नाही. ४८ किलोहर्ट्झला (म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने घेतले तर) तासाला साधारण ६९० एमबी जागा लागते, तीही अडचण नाही.

खरा कस लागला तो कपड्यांत. माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर हवा. सदऱ्यावर जाकीट असेल तर जाकिटाच्या आतल्या काठाला तो सहज लपतो; नुसता झब्बा असेल तर काजपट्टीवर लावतो आणि चिमट्याखाली वायरचा एक छोटा वेढा करून आतून सर्जिकल टेपने चिकटवतो, म्हणजे वायरीचा ओढा माईकपर्यंत येत नाही. साडीत खिसा नसतो आणि पदर सतत हलतो. त्यासाठी वाचनालयातल्या एका ताईंनी रेकॉर्डर ठेवण्याची पातळ कापडी पिशवी शिवली, ती कमरेला मागे बांधतात. माईक खांद्याच्या पिनेखाली पदराच्या घडीवर बसवतात. हे सगळे त्याच करतात, त्यामुळे व्याख्यात्या बाईंना संकोच वाटत नाही. कांजीची सुती साडी रेशमापेक्षा जास्त वाजते. मंगळसूत्राचे मणी माईकला लागले तर प्रत्येक श्वासागणिक टकटक ऐकू येते, म्हणून माईक मण्यांच्या वाटेतून बाजूला घ्यावा लागतो.

शाल हा वेगळाच विषय आहे. सत्कारात अंगावर घातलेली शाल वक्ता मानाने तशीच ठेवतो आणि माईक तिच्या घडीखाली पूर्ण दबतो. आता कार्यक्रमपत्रिकेत सत्कार आधी घेतो आणि शाल काढून ठेवल्यावर, परिचय चालू असताना, माईक लावतो.

श्रोत्यांच्या प्रश्नांचे काम अजून पुरते सुटलेले नाही. अंगावरच्या माईकमध्ये उत्तर स्पष्ट येते, प्रश्न मात्र दूरचा वाटतो. म्हणून सध्या साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळी लाइन दुसऱ्या रेकॉर्डरमध्ये घेतो. ही लाइन माईकच्या मानाने खूप जोरकस असते, तेव्हा रेकॉर्डर लाइन पातळीवरच ठेवावा लागतो, आणि विजेच्या पुरवठ्याची ५० हर्ट्झची घूं येत असेल तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रांमधला विजेचा थेट जोड तोडणारे साधन) लावावा लागतो. दोन्ही यंत्रांची घड्याळे तंतोतंत चालत नसल्याने लांबलेल्या व्याख्यानात फाइली किंचित मागेपुढे होतात. परिचय सुरू होताना आणि आभार संपल्यावर माईकजवळ एकेक टाळी वाजवतो, आणि त्या दोन खुणांवरून संगणकावर दोन्ही जुळवून घेतो.