तेत्सुया इशिदाचा एकच चेहरा

गुरुवार, रात्री साडेअकरा

आज पुन्हा तेत्सुया इशिदा या जपानी चित्रकाराची चित्रं उघडून बसले. झोपण्याआधी बघू नयेत अशी ही चित्रं, तरी हात तिकडेच जातो.

आधी ते १९९६ सालचं जेवणाचं चित्र. खानावळीच्या काउंटरशी सूट घातलेली माणसं ओळीने बसलीत आणि पलीकडचे नोकर पेट्रोल पंपावर टाकी भरावी तसं त्यांच्या तोंडात नळी धरून जेवण भरताहेत. कुणी तोंड फिरवत नाही. आज दुपारी मी डबा सात मिनिटांत संपवला. संध्याकाळी आईने फोनवर विचारलं, भाजी कसली होती, तर मला आठवेना. फोन ठेवल्यावर हीच माणसं डोळ्यांसमोर आली.

इशिदा १९७३ चा, याइझू या मासेमारीच्या बंदरातला. मुसाशिनो कला विद्यापीठातून तो बाहेर पडला तेव्हा जपानच्या भरभराटीचा फुगा फुटून काही वर्षं झाली होती. कॉलेजातून निघणाऱ्या पोरांना नोकऱ्या नव्हत्या. त्या काळाला तिथे रोजगाराचं हिमयुग म्हणतात. मिळतील ती कामं करत तो रंगवत राहिला. २००५ मध्ये रेल्वे फाटकावर गाडीखाली गेला, वय ३१. त्या मरणातून मागे जाऊन चित्रांचे अर्थ लावलेले मला सहन होत नाहीत. चित्रं त्याने जिवंतपणी काढलीत, केवढ्या निगुतीने!

'कैदी'मध्ये शाळेच्या इमारतीत एक अवाढव्य मुलगा अडकलाय, डोकं तेवढं बाहेर. दुसऱ्या एका चित्रात वर्ग भरलाय आणि बाकांवरची काही मुलं चक्क सूक्ष्मदर्शक झालीत. सगळीकडे चेहरा तोच: बारीक केस, ओलसर डोळे, नजर आपल्याला चुकवून जराशी बाजूला. आधी तो स्वतःलाच काढत होता, पुढे त्या चेहऱ्यात इतर माणसं येत गेली. माद्रिदला २०१९ मध्ये त्याचं मोठं प्रदर्शन झालं, त्याचं नावच 'दुसऱ्याचं आत्मचित्र' असं होतं. मला ते नाव फार पटलं.

त्या वर्गाच्या चित्राशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबते. यंत्राचा धातू त्याने थंडगार रंगवलाय, पण डोळ्यांपाशी आल्यावर कुंचला एकदम मऊ झालाय. आत्ता स्क्रीनवर अंगठा ठेवून सूक्ष्मदर्शकाची नळी झाकून पाहिली. बाकावर एक मुलगा उरला. अंगठा काढला, तरी मला तोच दिसत राहिला.